बाळाच्या पोटाचा घेर मागे, काळजी किती?

प्रश्न : सुनेला ३२ आठवडे झालेत. सोनोग्राफीत बाळाचं वजन १.५ किलो, पोटाचा घेर २९ आठवड्यांचा आणि डिलिव्हरीची तारीख पुढची आलीय. डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) सांगितलंय. तारीख चुकली असेल का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून ठरली असेल, तर ती आता बदलायची नाही. पुढची तारीख म्हणजे मशीनने आजच्या मापांवरून केलेला हिशेब. वजन डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांच्या मापांवरून काढतात; त्यात १०-१५ टक्के फरक पडू शकतो. पण पोटाचा घेर मागे पडणं दुर्लक्षू नका. वारेतून (प्लासेंटातून) पोषण कमी पडलं की यकृतातला साठा घटतो आणि आधी पोटच बारीक राहतं. ३२ आठवड्यांना वजन साधारण १.९ किलो असतं, म्हणून डॉपलर लगेच करा. त्यात नाळेतला रक्तप्रवाह कळतो. सोबत गर्भजल आणि सुनेचं बीपीही तपासून घ्या. डॉपलर ठीक असेल, तर वाढीची मापं दोन आठवड्यांनी, शक्यतो त्याच सेंटरवर, जुने सगळे रिपोर्ट नेऊन. त्याआधी मोजली तर वाढ आणि मापातली चूक वेगळी ओळखता येत नाही. बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र रात्र असली तरी दवाखाना गाठा.