जॉइन करा, रुजू व्हा, की वांगडा या?

गुहागरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "गावच्या वाचनालयाचं पत्रक लिहिलं. छापायला देण्याआधी वाचून पाहिलं तर तीन वाक्यांत तीनदा 'जॉइन'! 'वाचनालय जॉइन करा', 'नव्या ग्रंथपाल १ तारखेला जॉइन झाल्या' आणि पत्ता देताना 'पाखाडी आणि डांबरी रस्ता जॉइन करणाऱ्या साकवापलीकडे'. याला मराठीत एक चांगला शब्द सांगा. एका मुलाने 'वाचनालयाशी जुडा' असं सुचवलं आहे, ते चालेल का?"

ताई, पत्रक छापायला थांबलं असेल म्हणून आधी कामाचं सांगतो. 'वाचनालयाचे सभासद व्हा.' 'नव्या ग्रंथपाल १ तारखेला रुजू झाल्या.' 'पाखाडी आणि डांबरी रस्ता जोडणाऱ्या साकवापलीकडे.' (पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, साकव म्हणजे वहाळावरचा छोटा पूल.) 'जुडा' मात्र नको. का नको ते पुढे येईलच.

तुम्ही एक शब्द मागितलात आणि मी तीन दिले, त्याला कारण आहे. इंग्रजी 'जॉइन' फक्त एवढंच सांगतो की दोन गोष्टी एकत्र आल्या. मराठी क्रियापद त्यापुढचंही सांगतं: कशाने आल्या, कोणी आणल्या, आणि पुन्हा सुटणार की नाही. बोलताना 'जॉइन हो' म्हटल्याने काही बिघडत नाही, मीही म्हणतो. पण लिहिताना त्या एका शब्दापायी आपण बरीच माहिती गाळतो, आणि ती माहिती आपल्या भाषेत आयती ठेवलेली आहे.

'जोडणे'पासून सुरुवात करू. हे सकर्मक क्रियापद आहे, म्हणजे जोडणारा कोणीतरी बाहेरचा लागतो. आणि जोडल्यावरही दोन्ही भाग वेगळे ओळखू येतात. बहुतेक जोडाक्षरांत दोन्ही व्यंजनं डोळ्यांना दिसतात. जोडरस्त्याला दोन टोकं असतात. भातशेतीला कोंबड्यांचा जोडधंदा केला तरी शेती शेतीच राहते. हात जोडले तरी ते दोनच असतात. म्हणूनच साकवाला 'जोडणारा' हा शब्द चपखल बसतो: वहाळाच्या अल्याडपल्याडचे दोन काठ तसेच राहतात, साकव मधे येतो.

याच 'जोडणे'ला जुना अर्थ आहे तो कमावण्याचा. 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें' असं तुकाराम म्हणतात तेव्हा त्यांना पैशाला पैसा चिकटवायचा नसतो, धन मिळवायचं असतं. माणसं जोडणं, पुण्य जोडणं, चार गुंठे जमीन जोडणं, या सगळ्यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. आमच्याकडे एखाद्याबद्दल 'त्याने माणसं जोडली' म्हणतात, तेव्हा ती त्याची मिळकत म्हणून सांगतात. 'जॉइन'मध्ये हा अर्थ नाहीच.

आता 'जुळणे'. इथे बाहेरून कोणी ओढून आणलेलं नसतं, दोन गोष्टींत आधीपासूनच काही सारखं असतं. सूर जुळतात, मनं जुळतात, हिशेब जुळतो, पत्रिका जुळते. लग्न 'जुळतं' आणि मग ते 'लावतात', दोन्हीसाठी क्रियापदं वेगळी. जुळी भावंडं याच शब्दाची. छापखान्यात खिळे लावायचे त्या काळी त्या कामाला अक्षरजुळणी म्हणत, कारण सुटे खिळे ओळीत नीट बसवायचे असत.

'जुडा'चं काय? 'जुडी' आणि 'जुडगा' हे आपले शब्द आहेत. कोथिंबिरीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा. पण माणसांना उद्देशून 'आमच्याशी जुडा' हे हिंदीतल्या 'जुड़िए'चं वळण आहे, जाहिरातींतून आणि वाहिन्यांवरून आलेलं. मराठीत माणूस संस्थेचा सभासद होतो, कामात सहभागी होतो, मोर्चात सामील होतो, चालत्या घोळक्यात मिसळतो. चार-चार शब्द हाताशी असताना पाचवा उसना कशाला घ्यायचा? त्या मुलाने पत्रकासाठी डोकं लावलं याचं मला कौतुक आहे, त्याला हे नक्की सांगा. शब्द मात्र बदला.

एकत्र येण्याच्या शब्दांची खरी श्रीमंती मला दिसते ती आंब्याच्या बागेत. आपण 'कलम बांधतो'. 'कलम' मूळचा अरबी, अर्थ लेखणी, बोरू. छाटलेल्या काडीलाही तेच नाव पडलं, आणि कायद्याच्या तुकड्यालाही. पण त्याला 'बांधणे' हे क्रियापद जोडलं ते आपण, कारण बागेत प्रत्यक्ष तेच होतं. कोय रुजून आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं आणि पट्टीने घट्ट बांधायचं. हे कोय कलम. पावसाळी हवेत ओलावा असतो तेव्हा ते चांगलं लागतं. मोठ्या खुंटावर पाचर बसवली तर ते पाचर कलम.

आणि तिसरं, माझं आवडतं, भेट कलम. यात काडी आधी तोडतच नाहीत. रायवळाचं, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या साध्या आंब्याचं, रोप कुंडीसकट उचलून हापूसच्या झाडापाशी नेतात. रोपाच्या खोडाची आणि झाडाच्या फांदीची साल थोड्या लाकडासह तासतात, दोन्ही उघडे भाग एकमेकांना लावतात आणि बांधून ठेवतात. दोन-तीन महिने दोघं आपापल्या मुळांवर जगत एकमेकांना धरतात. धरल्याची खात्री झाली की सांध्याच्या वर रोपाचा शेंडा कापतात आणि सांध्याच्या खाली फांदी झाडापासून सोडवतात. रोप झाडाच्या भेटीला न्यायचं, म्हणून भेट कलम. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, शास्त्र शिकवलं जाऊ लागलं, तरी शब्द हेच राहिले: कोय, पाचर, भेट. ज्याने कोणी पहिल्यांदा 'भेट कलम' म्हटलं असेल, त्याच्याइतकं नेमकं आजच्या परिभाषाकारांना क्वचितच सुचतं.

या कलमाचं आणखी एक लक्षण भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. कलम बांधणारा 'बांधतो', पण ते 'लागतं' स्वतः. शेजारी विचारतो, "किती लागली?" 'बांधली' हे माणसाचं क्रियापद, 'लागली' हे झाडाचं. वीस वर्षांनी खोडाकडे पाहिलं तर सांध्याची जागा फुगीर दिसते. खाली रायवळ, वर हापूस. सांध्याखालून फुटवा आला तर तो लगेच काढायचा, कारण तो रायवळाचा असतो. एकाच झाडात दोन झाडं, पण आता सुटी होणार नाहीत. याला 'जोडलेलं झाड' म्हटलं तर बागायतदाराला ते अपुरं वाटेल.

'सांधणे' हे याच जातीचं. संस्कृत 'संधि'तून आलेलं. मोडलेलं, तुटलेलं पुन्हा एक करायचं ते सांधायचं. हाड सांधतात, फाटलेलं जाळं सांधतात, बिघडलेले संबंध सांधतात. म्हणजे सांधण्याआधी एकदा अखंडपण होतं, ही आठवण त्या शब्दात आहे. जोडण्यात तशी नाही. 'दोन गावं सांधली' असं वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा मी अडखळतो. ती गावं आधी एक होती का? नसतील तर ती जोडली.

चिरेबंदी घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारा. दोन जांभ्या चिऱ्यांमधल्या फटीला तो 'दरज' म्हणतो, आणि दरजा भरतो. इंग्रजीवरून आपण तिथे 'जॉइंट' म्हणू लागलो, म्हणजे भरायची फटही जॉइंट आणि गुडघ्याचा सांधाही जॉइंट. गवंड्याच्या बोलण्यात हा घोटाळा नाही.

दोरीकडे वळलं की सुटण्या-न सुटण्याचा प्रश्न अगदी उघडा होतो. सुरगाठ एका ओढीत सुटते, निरगाठ सुटत नाही. होडी धक्क्याला बांधायची, म्हशीचं दावं खुंट्याला अडकवायचं, गवताचा भारा आवळायचा, कुठे कोणती गाठ हवी हे हाताला ठाऊक असतं आणि भाषेलाही. आणि पाहा, गाठ म्हणजे भेटसुद्धा. "परवा बाजारात त्यांची गाठ पडली." गाठीभेटी हा जोडशब्दच आहे. कलमातली भेट आणि दोरीतली गाठ, दोन्ही शब्द माणसांच्या एकत्र येण्यालाही चालतात.

'मिळणे'चंही तेच. जगबुडी वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठी दाभोळजवळ समुद्राला मिळते. इथे 'जोडली जाते' म्हटलं तर कान टवकारतात, कारण नदीला कोणी जोडत नाही, ती आपल्या पायांनी जाते. आणि 'मिळणे' म्हणजे प्राप्त होणेही. 'जोडणे' म्हणजे कमावणे आणि 'मिळणे' म्हणजे लाभणे: मराठीत एकत्र येण्याच्या या दोन मोठ्या क्रियापदांना लाभाचा अर्थ आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

नोकरीतल्या 'जॉइन'ला 'रुजू होणे' आहे, त्याबद्दल थोडं. पुष्कळांना वाटतं की हा 'रुजणे'चा भाऊ, म्हणजे नव्या जागी मूळ धरणे. कल्पना छान आहे, पण नातं नाही. 'रुजू' अरबीतून फारसीच्या वाटेने आला, मूळ अर्थ परतणे, कशाकडे तरी वळणे. कचेरीत हजर होणे हा अर्थ दफ्तराच्या भाषेतून पक्का झाला. हिशेब ताडून पाहण्याला 'रुजुवात' म्हणतात तो याच घरातला. 'सामील'ही अरबीच. शब्द कुठूनही आला तरी हरकत नाही. शेकडो वर्षं वापरून 'रुजू' मराठी झाला आहे, आणि माणसांच्या बाबतीत 'रुजू होणे' आज मुख्यतः नोकरीसाठीच वापरतात. म्हणून 'ग्रुपला रुजू व्हा' म्हणू नका.

'जॉइंट' या विशेषणाला तर चार दारं आहेत. कुटुंब एकत्र, निवेदन संयुक्त, सचिव सहसचिव, आणि विहीर सामाईक. यातला 'सामाईक' कोकणात कोणाला समजवावा लागत नाही. सातबाऱ्यावर भावकीची नावं एकाखाली एक, आणि हिस्सा सामाईक. 'संयुक्त'मध्ये दोघं मिळून काही करतात. 'सामाईक'मध्ये काही केलंच पाहिजे असं नाही, वस्तू सगळ्यांची असते एवढंच. वाचनालयाची खोली वाडीची सामाईक असेल, तर पत्रकात तसंच लिहा.

इंग्रजी शब्दाशी आपलं जुनं नातं मात्र आहे. 'जॉइन' फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनमधलं जुंपण्याचं क्रियापद आहे, आणि ते आपल्या 'युज्' धातूचं दूरचं भावंड. योग, युग्म आणि बैलाच्या मानेवरचं जू, सगळे त्याच कुळातले. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळी वाहायला पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्या पाहिल्या तेव्हा मला हे आठवलं होतं. 'जंक्शन'ही त्याच लॅटिन शब्दातला. दिवा जंक्शनला सावंतवाडीची गाडी धरणाऱ्या चाकरमान्याच्या तोंडी आणि बैल जुंपणाऱ्या गाडीवानाच्या जुवात एकच धातू आहे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला, तेव्हापासून तो शब्द आपल्याकडे आणखी रुळला. त्याला मराठी करायच्या भानगडीत मी पडणार नाही.

ताई, शेवटी एक सुचवतो. तुमचं पत्रक प्रमाण भाषेत आहे, ते तसंच राहू द्या. पण पत्रकाच्या शेवटी, तळकोकणातून तुमच्याकडे सून म्हणून किंवा सुट्टीवर आलेल्या मंडळींसाठी एक ओळ मालवणीत टाकता आली तर पाहा. तिथे सोबत या म्हणायला 'वांगडा' आहे. 'आमच्या वांगडा वाचूक येवा.' 'जॉइन करा'मध्ये बोलावणारा कुठे उभा आहे ते कळत नाही. 'वांगडा'मध्ये तो तुमच्या शेजारी चालतो आहे. आणि साकवाच्या वाक्यात 'पलीकडे'च्या आधी कोणत्या बाजूने, तेही लिहा. पावसात नवा माणूस चुकतो.