पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागांना, हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा: लॅपटॉप कोणाच्या अकाउंटवर सुरू झालाय?

विंडोज ११ च्या जोडीला लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचीय, ५१२ जीबीची एसएसडी आहे, सी ड्राइव्हमधून किती जागा काढू, असं तुम्ही विचारलंय. जागेचं सांगतोच. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की लॅपटॉप दुकानवाल्यानेच सेटअप करून दिला. आधी ते निस्तरा, बाकी सगळं नंतर. पेनड्राइव्ह कसा बनवायचा वगैरे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो.

'विंडोज होममध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) नसतं' असं सर्रास सांगितलं जातं. पण होममध्ये तेच काम 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने चालतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक वेळा ते न विचारता सुरू होतं आणि हे कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते.

माझ्या लॅपटॉपची की दुकानाच्या अकाउंटमध्ये गेली होती. ते लोक सगळ्या गिऱ्हाइकांचे लॅपटॉप एकाच अकाउंटवर सुरू करून देत होते, आणि हे सांगायची तसदीही कुणी घेतली नव्हती. लिनक्ससाठी सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टीम चालू देणारी तपासणी) बंद केलं, तर विंडोजऐवजी निळा पडदा आला: की टाका. खरं तर इथवर फार बिघडलेलं नसतं. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं की बऱ्याचदा विंडोज गुपचूप सुरू होतं. पण सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन आत नेलं आणि मला न विचारता टीपीएम ही सुरक्षेची चिप क्लिअर करून टाकली. कुलूप उघडणारी मशीनमधली माहिती त्यातच असते. ती गेल्यावर कीशिवाय दुसरा रस्ता उरत नाही. दुकानात गेलो, तर 'सेटअप करणारा पोरगा सोडून गेला, पासवर्ड त्यालाच माहीत.' हरवलेली की मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही काढून देऊ शकत नाही. वडिलांच्या दुकानाचा टॅलीतला हिशेब त्याच डिस्कवर होता. तो कागदी बिलांवरून पुन्हा भरावा लागला. मशीन आत नेण्याआधी 'डेटा जाईल' एवढे दोन शब्द बोलायला त्यांचं काय जात होतं? याचा राग अजून गेलेला नाही.

तुमचं विंडोज अजून सुरू होतंय, म्हणजे सगळं तुमच्या हातात आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून ईमेल कोणाचा आहे ते बघा. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू दिसलं तर ते बंद करा. चार्जर लावून ठेवा, डिस्क पूर्ण उघडी व्हायला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. मिंटचं काम झाल्यावर स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून पुन्हा चालू करा. नवी की बनेल, ती कागदावर उतरवून घरात ठेवा. एन्क्रिप्शन कायमचं बंद ठेवा असं मी म्हणत नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर तेच उपयोगी पडतं.

आता जागा. मिंटला १०० जीबी पुष्कळ झाले. सी ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच आकसा, लिनक्सच्या बाजूने नको, असं माझं ठाम मत आहे. श्रिंक करायला जागा अगदीच कमी दाखवली, तर हायबरनेशनच्या (झोपताना मेमरीतलं डिस्कवर ठेवायच्या) किंवा पेजिंगच्या (मेमरी कमी पडली की वापरायच्या) फाइल वाटेत असतात. हायबरनेशन बंद करा. त्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि ते तसंही व्हायलाच हवं, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. इएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फाइलचं) आणि रिकव्हरीची छोटी पार्टिशन फालतू वाटली तरी पुसू नका.

सिक्युअर बूट जिथे असतं त्या बायोसचे मेनू कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे तुमच्याकडे नावं थोडी वेगळी असतील. मी काही या धंद्यातला तंत्रज्ञ नाही, पण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आहे आणि त्यातली एक-दोन फाइल उघडून पाहिली आहे, एवढं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि हो, मिंट वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही तो. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. मिंटलाच स्थानिक वेळ धरायला सांगितलं की भागतं.