डाग पुन्हा आले म्हणून ठेव मोडायची का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर रंगवून काही महिनेच झालेत, तोच छताजवळ तपकिरी डाग पुन्हा वर आले. रंगाऱ्याने वरून आणखी दोन हात मारले, तरी ते दिसतातच. आता मुदत ठेव मोडून किंवा वैयक्तिक कर्ज काढून सगळं घर महागड्या रंगाने करून घ्यावं का?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. पैसे कुठून आणायचे हे नंतर बघू. भिंतीतली ओल अजून चालू आहे की थांबली, हे आधी कळायला हवं.

ओलीच्या डागात पाण्यात विरघळणारी द्रव्यं असतात आणि आपण भिंतीला लावतो ते इमल्शनही पाण्यावरच बनतं. ओला हात बसला की डाग त्यात विरघळतो आणि रंग सुकताना वर येतो. इमल्शन स्वस्त असो की महाग, या बाबतीत फार फरक पडत नाही. त्यामुळे 'भारी रंग' घेऊन डाग जाईल, या आशेवर पैसे घालणं मला अजिबात पटत नाही.

तपासायला जवळजवळ काहीच खर्च नाही. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा. डाग रेघेबाहेर पसरला तर ओल चालू आहे. शिवाय पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दिवस-दोन दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूने जमले तर खोलीतच दमटपणा आहे, हवा खेळती ठेवायला हवी. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर रेघ पुन्हा बघा.

ओल थांबली असेल तर काम छोटं आहे. डागावर डाग अडवणारा ऑइल किंवा शेलॅक (लाखेपासूनचा) प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, तो पूर्ण सुकला की त्या एका भिंतीला इमल्शन. नुसता तुकडा रंगवला तर शेड जुळत नाही, म्हणून भिंत पूर्ण घ्या. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा. हा खर्च महिन्याच्या पैशांतून निघावा.

ओल चालू असेल तर मात्र पैसा आधी गळतीवर. पाइप, गच्ची, वरच्या बाथरूमच्या टाइल्सचे सांधे, जे असेल ते. वरच्या घरातून पाणी येत असेल तर खर्चाचा भार एकट्याने उचलण्याआधी त्यांच्याशी बोला. या कामासाठी ठेवीला हात लावायला माझी हरकत नाही, कारण झिरपणारं पाणी प्लास्टर फुगवतं, लोखंड गंजवतं आणि वायरिंगपर्यंत पोचतं. पण ठेव मोडण्याआधी बँकेत दोन गोष्टी विचारा: गरजेपुरतीच रक्कम काढता येईल का आणि ठेवीवर कर्ज किती दराने मिळेल. असं कर्ज सहसा वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि ठेवही मोडावी लागत नाही. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळू द्या, त्याला काही आठवडे लागू शकतात, आणि मगच प्रायमर.

फक्त रंगासाठी वैयक्तिक कर्ज नकोच. आणीबाणीसाठी ठेवलेली ठेव रंगासाठी मोडणंही नको. सगळं घर रंगवायची हौस असेल तर दरमहा थोडे पैसे बाजूला टाका, घाई कसलीच नाही.

रंगाऱ्याकडून अंदाजपत्रक घ्याल तेव्हा डागावर कोणता प्रायमर लावणार हे त्यात लिहून घ्या. त्याच्याशी आधीच ठरवून पैशांचा शेवटचा भाग पुढचा मोठा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवा.