इतकी वर्षं संशोधन केलं, पण औषध एकही नाही

औषध संशोधनात असलेल्यांकडून एक खंत मी समुपदेशनात वारंवार ऐकते : "एवढी वर्षं खपले, पण माझ्या हातचं एकही औषध रुग्णापर्यंत गेलं नाही. मग केलं काय मी?" हीच खंत घेऊन आलेल्या एका ताईंची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, औषध कंपनीत सिंथेसिस केमिस्ट, म्हणजे नवे रेणू बनवून पाहणाऱ्या. ज्या रेणूवर काही वर्षं घालवली, तो प्रकल्प कंपनीने बंद केला होता. हृदयाच्या ठोक्यांची लय सांभाळणाऱ्या एचईआरजी या पोटॅशियम वाहिनीत तो रेणू अडथळा आणत होता. एक ईमेल आला, नमुने फ्रीजरमध्ये गेले आणि सोमवारपासून नवं काम सुरू. तेव्हापासून ताईंची झोप उडालेली, घरात चिडचिड, लॅबचं तोंडही पाहू नये असं वाटायचं.

मी आधी त्यांना त्या रेणूबद्दलच बोलू दिलं. "शेवटची पायरी काही केल्या जमत नव्हती. एका रात्री टीएलसी प्लेट, म्हणजे पदार्थ शुद्ध झाला का ते दाखवणारी पट्टी, यूव्ही दिव्याखाली धरली आणि एकच स्वच्छ ठिपका दिसला." हे सांगताना त्यांचा गळा दाटून आला. घरातलं माणूस गेलं तर चार जण भेटायला येतात. प्रकल्प गेला तर कुणी चौकशीही करत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंपैकी साधारण एकच बाजारात येतो. हे ताईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, त्यामुळे आकडे सांगून समजूत घालायच्या भानगडीत मी पडले नाही. कर्करोगासाठी १९६४ मध्ये बनवलेलं आणि तिथे निरुपयोगी ठरलेलं एझेडटी १९८७ मध्ये एचआयव्हीवरचं पहिलं मंजूर औषध झालं, हे उदाहरणही मुद्दाम टाळलं. बाजूला पडलेले बहुतेक रेणू बाजूलाच राहतात. खोटी आशा लावून काय मिळवायचं?

मी विचारलं, "दोष कळला कसा?"

"आम्हीच चाचणीला पाठवला म्हणून."

"आणि कळला नसता तर?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग टर्फेनाडिनचा विषय त्यांनीच काढला. ॲलर्जीचं हे औषध हृदयाच्या लयीवरच्या अशाच परिणामामुळे १९९० च्या दशकाअखेर अमेरिकेच्या बाजारातून गेलं. तोवर ते असंख्य लोकांनी घेतलं होतं. "आमचा तिथवर गेला नाही," त्या म्हणाल्या.

घरी करायला एकच काम दिलं : बंद पडलेल्या प्रत्येक प्रकल्पापुढे, त्यातून आधी माहीत नसलेलं काय कळलं, ते एका ओळीत लिहायचं. एका प्रकल्पापुढे त्यांना एक शुद्धीकरणाची पद्धत आठवली. त्यांनी बसवलेली ती पद्धत सहकारी आजही वापरतात. एका ओळीची जागा मात्र कोरीच राहिली. ती तशीच राहू दिली.

झोपेची तक्रार दोन आठवड्यांपेक्षा जुनी होती, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. प्रकल्प बंद करताना सगळ्या टीमला तासभर एकत्र बसवावं, अशी मागणी ताईंनी वरिष्ठांकडे केली आहे. नोकरी सोडायची की नाही, हे झोप सावरल्यावर बघायचं ठरलंय.