आठ महिन्यांच्या बाळाला खुणांची भाषा शिकवली तर बोलायला उशीर होतो का?

नाही होत. निर्धास्त शिकवा, फक्त खूण करताना तोंडाने तो शब्दही दर वेळी म्हणा.

आमच्याकडेही हाच प्रश्न निघाला होता. लेक आठ महिन्यांची असताना मी खुणा दाखवायला लागले, तेव्हा सासूबाई काळजीने म्हणाल्या, "हातांनीच भागलं तर पोर तोंड कशाला उघडेल?" मी म्हटलं, "आई, बाप्पापुढे जयजय करायला तुम्हीच शिकवलंत ना तिला? टाटासुद्धा. त्याही खुणाच आहेत की." मग त्यांची हरकत राहिली नाही.

आम्ही चारच खुणा धरल्या: दूध, पाणी, आणखी, संपलं. दूध म्हणजे मुठीची उघडमीट, आणखी म्हणजे दोन्ही हातांची बोटं जुळवून एकमेकांवर टेकवायची. रोज भरवताना तेच. दोन महिने ती नुसती टक लावून बघायची; सोडून द्यावं असंही वाटलं. मग एका दुपारी वाटीतला वरणभात संपला, तर भाताने बरबटलेले हात एकमेकांवर आपटत माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, टाळ्या वाजवतेय. घास दिला, गिळला, की बोटं पुन्हा जुळली. चार वेळा भात मागून घेतला तिने, एकदाही न रडता. माझेच डोळे भरून आले.

काही खुणा तिच्या स्वतःच्या होत्या. पंखा हवा असला की एक बोट वर करून गरगर फिरवायची. दिवे गेले की आमच्याकडे बघत आणखी जोरात फिरवायची. पुढे शब्द यायला लागले तशा खुणा आपोआप गळून पडल्या.

तुम्हाला कुणी 'बाळ लवकर बोलेल, हुशार होईल' असं सांगून क्लासची फी मागत असेल तर मात्र देऊ नका. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठात एलिझाबेथ कर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 बाळांवर, आठव्या ते विसाव्या महिन्यापर्यंत, लक्ष ठेवलं होतं. 2013 साली त्यांनी मांडलं की खुणा शिकवलेल्या बाळांच्या भाषेला त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. फरक दिसला तो आयांमध्ये. बाळ न बोलता काय सांगतंय, याला त्या जास्त प्रतिसाद द्यायला लागल्या. मला स्वतःला हाच लाभ मोठा वाटतो.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. इंटरनेटवरच्या व्हिडिओंतल्या बहुतेक खुणा अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या आहेत. ऐकू येणाऱ्या बाळाला त्या चालतात. पण घरात कुणी कर्णबधिर असेल तर भारतीय सांकेतिक भाषाच शिकवा; दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने 2021 मध्ये तिचा 10,000 शब्दांचा कोश काढला आहे. आणि बाळ मागून मारलेल्या हाकेला वळत नसेल, भांडं पडलं तरी दचकत नसेल, तर खुणा शिकवत वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगून त्याच आठवड्यात श्रवणचाचणी करून घ्या. मुंबईकडे असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते.