जीपला कटर लावण्याआधी

विश्रामबाग, सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

भिलवडीच्या शेडमधून काढलेल्या जीपचे फोटो मिळाले. "काका, विलीजच आहे ना?" म्हणजे मूळ अमेरिकी विलीज कंपनीचीच ना, असं विचारलंस आणि त्याच दमात डिझेल इंजिन, रुंद टायर, नवा बंपर यांचा हिशेबही पाठवलास. फॅब्रिकेशनवाल्याला दिलेली तारीख पुढे ढकल. आधी गाडी कोण आहे ते कळू दे.

समोरून बघितली तर जाळीला नऊ उभ्या फटी आहेत, दिवे लहान आणि जाळीच्या आत बसलेले. हे तोंड दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं. नंतरच्या नागरी सीजे जीपला सात फटी आणि मोठे, बाहेर आलेले दिवे. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे आणल्या त्या याच नागरी वंशातल्या; उंच बॉनेटची सीजे ३ बी तर उसाच्या पट्ट्यात कितीतरी वर्षं दिसायची.

पण नुसत्या तोंडावर जाऊ नकोस. जाळी, बॉनेट, टब (बसायचा पत्र्याचा भाग) सगळं बोल्टावर निघतं, आणि ऐंशी वर्षांत कोणी काय चढवलं असेल याचा नेम नाही. आरसीवर 'विलीज' लिहिलंय त्यावरही विसंबू नकोस. सरळ गाडीखाली झोप. रेडिएटरच्या खाली, चेसिसच्या दोन दांड्या जोडणारा आडवा तुकडा बघ. गोल नळी असेल तर विलीजची एमबी. उलट्या यू आकाराचा चॅनेल असेल तर ती विलीज नव्हेच, फोर्डची जीपीडब्ल्यू. युद्धात दोन्ही कारखान्यांनी एकाच नकाशावरून जीप काढल्या. विलीजने साडेतीन लाखांहून जास्त, फोर्डने पावणेतीन लाखांच्या पुढे. फोर्डने मात्र जमेल त्या भागावर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपला 'एफ' उमटवून ठेवला. तुझ्या तिसऱ्या फोटोत मागच्या हुकाशेजारी मला तो दिसल्यासारखा वाटतोय, म्हणून तर फोन न करता सविस्तर लिहितोय.

फोर्डचा चेसिस नंबर डाव्या दांडीच्या वरच्या अंगाला, पुढच्या भागात मारलेला असतो. तिथे ग्राइंडर लावायचा नाही. डिझेलचं फडकं, मग हाताचा तारेचा ब्रश, आणि शेवटी आरटीओत काढतात तशी कागद ठेवून पेन्सिलची प्रिंट. आकडे घासून उडाले तर उद्या इन्स्पेक्टर खाडाखोडच समजणार. फोर्ड तोच नंबर इंजिनवरही मारायची. सैन्याच्या दुरुस्तीत इंजिनं सर्रास बदलली जात, त्यामुळे दोन्ही जुळले तर पेढे आण.

आणि शेडमध्ये पुराचं पाणी कोणकोणत्या वर्षी आलं होतं ते मालकाला विचार. २००५, २०१९, २०२१ हे पूर कृष्णाकाठच्या भिलवडीत लपत नाहीत. चेसिसच्या बंद भागात गाळ बसला की गंज आतून खातो आणि वरचा रंग शाबूत राहतो. हातोडीने ठोकत जा, आवाज बद्द आला तिथे थांब.

आता तुझ्या हौसेचं. जुन्या गाडीचा स्क्रूही बदलला की ओरडणारे आहेत, मी त्यांतला नाही. कॅलिफोर्नियातली पोरं १९३२ च्या फोर्डचे मडगार्ड काढून, तिच्या ६५ अश्वशक्तीच्या व्ही-८ इंजिनाला छेडून कोरड्या तळ्यांवर पळवायची, त्यातूनच हॉटरॉड, म्हणजे फेरफार करून वेगवान केलेली गाडी, आला. तेव्हा त्या गाड्या स्वस्त होत्या, कापली तरी दुसरी मिळायची. आज त्या मॉडेलच्या बॉड्या नव्या पत्र्यात तयार मिळतात, आणि त्या काळी बनवलेल्या हॉटरॉडना १९९७ पासून अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात वेगळा वर्ग आहे. त्यामुळे कोणी गाडी कापली म्हटलं की मी आधी कोणती कापली ते विचारतो. टब कुजलेली, तिसरं इंजिन चढलेली सीजे असती तर वेल्डरकडे मीच तुझ्याबरोबर आलो असतो.

पण ही जीपीडब्ल्यू निघाली तर चेसिसला कटर नाही, वेल्डिंग नाही. बोल्टावर बसेल आणि बोल्टावर निघेल तेवढंच कर. मूळ २.२ लिटरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन साठ अश्वशक्तीचं, पेट्रोल पिणारं, कबूल. तरी ते भंगारात जाता कामा नये.

कागदाचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. दर शनिवारी मित्रांना घेऊन दंडोबाच्या डोंगरावर जायचं असेल तर ही नोंदणी तुझ्या कामाची नाही. त्या फिरण्यासाठी साधी सीजे शोधू, तिच्यावर काय हवे ते प्रयोग कर.

रविवारी ये. आरसीची झेरॉक्स आण आणि दोन्ही नंबरांच्या प्रिंट घरूनच काढून आण. माझे गुडघे आता जीपखाली जाऊ देत नाहीत.

तुझा,
काका