मोजल्याशिवाय स्क्रूला हात लावू नकोस

चि. ——, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो, मग तुझी अडचण लक्षात आली. मॅन्युअल पाठ आहे, नोकरी बहुधा जेट विमानांवर मिळेल, मग पिस्टन इंजिनाच्या फ्युएल इंजेक्शनचा प्रात्यक्षिक वर्ग कशाला करायचा, असं तू विचारतेस. मॅन्युअल पाठ आहे हे उत्तमच. पण मॅन्युअलच्या आकृतीत नॉझल, म्हणजे सिलिंडरला इंधन सोडणारी बारीक तोटी, कधी तुंबत नाही.

समज, सहा सिलिंडरचं इंजिन आहे. पायलट सांगतो, इंजिन थरथरतंय आणि फ्युएल फ्लो नेहमीपेक्षा जास्त दिसतोय. तू म्हणशील, मिश्रण रिच झालंय, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त जातंय, कमी करू. फसलीस! अनेक जुन्या विमानांतलं फ्लो गेज प्रवाह मोजतच नाही. ते फ्लो डिव्हायडरवरचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरना इंधन वाटून देणाऱ्या भागावरचा, दाब मोजतं, फक्त तबकडीवर आकडे प्रवाहाचे छापलेले असतात. एक नॉझल अर्धवट तुंबलं की दाब वाढतो आणि काटा वर चढतो, पण तो सिलिंडर उपाशीच असतो. त्यात तू मिश्रण आणखी कमी केलंस, तर त्या सिलिंडरचं काय होईल याचा विचार कर.

म्हणून मोजायचं. सगळी नॉझल सिलिंडरमधून काढायची, आपापल्या नळीला जोडलेलीच ठेवायची आणि एकसारख्या बाटल्यांत सोडायची. मिक्श्चरचा दांडा रिचवर, थ्रॉटल उघडं, इंधन ढकलणारा बूस्ट पंप चालू. (ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद आणि अग्निशामक हाताशी, हे तुला सांगायला नको.) एका बाटलीत पातळी कमी भरली, तर ते नॉझल शेजारच्या नळीवर लावून पुन्हा बघ. दोष नॉझलबरोबर सरकला तर नॉझल खराब. जागेवरच राहिला तर नळी किंवा डिव्हायडर. नॉझल सॉल्व्हंटमध्ये भिजवून हवा मारायची. त्यात तार घालणारा माणूस दिसला तर त्याच्यापासून दूर राहा, ओरखड्यानेही त्या भोकाचं माप बिघडतं.

हे वाचायला दोन मिनिटं लागतात. हाताला कळायला मला वर्षं लागली, कारण तेव्हा असा वर्ग मला मिळाला नाही. तुला मिळतोय आणि तू विचार करत बसली आहेस!

इंजेक्शनच्या दोन पद्धती लक्षात ठेव. बेंडिक्सच्या सर्व्होमध्ये, म्हणजे इंधनाचं माप ठरवणाऱ्या भागात, एका डायफ्रॅमवर (लवचिक पडद्यावर) हवेच्या दाबातला फरक येतो, दुसऱ्यावर इंधनाच्या दाबातला, आणि त्यांच्या ओढाताणीतून बॉल व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरतं. कॉन्टिनेंटलची पद्धत हवा मोजतच नाही. इंजिनावर फिरणारा पंप आरपीएमनुसार, म्हणजे मिनिटाला किती फेरे त्यानुसार, दाब देतो आणि थ्रॉटलला जोडलेला व्हॉल्व्ह वाटा ठरवतो. तक्रार तीच, पण शोधायची जागा वेगळी. दोन्ही उघडून बघ. आणि पुन्हा सांगतो, मोजल्याशिवाय मिश्रण जुळवायच्या स्क्रूला हात नको. आयडल मिश्रण, म्हणजे इंजिन अगदी हळू फिरतानाचं मिश्रण, तपासताना मिक्श्चरचा दांडा सावकाश मागे ओढ. इंजिन बंद पडण्याआधी आरपीएम किंचित चढतात. ते 50 पेक्षा जास्त चढले तर मिश्रण फार रिच आहे. 'कानाला बरं वाटतंय' हे माप नव्हे.

जेटवर जाणार म्हणतेस ना? इंजिन कुठलंही असो, मोजणं सुटत नाही. ब्रिटिश इंजिनियर बिॲट्रिस शिलिंग यांची गोष्ट ऐक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की त्याचं मर्लिन इंजिन कार्ब्युरेटरमध्ये (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागात) इंधनाचा पूर येऊन गुदमरायचं. जर्मन डीबी 601 इंजिनामध्ये थेट इंजेक्शन असल्याने त्याला ही अडचण नव्हती. 1941 मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात शिलिंगबाईंनी इंधनाच्या वाटेत भोक असलेली धातूची छोटी चकती बसवली. पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच इंधन जाऊ देणारं भोक. इंजिनाला जास्तीत जास्त किती इंधन लागतं हे ठाऊक नसतं, तर भोक केवढं पाडलं असतं?

मला एका हँगरमध्ये 'मोजणीमास्तर' म्हणायचे. बढती मिळाली ती पंप बदलून संध्याकाळी विमान बाहेर काढणाऱ्याला. त्याचा दोष कधी जायचा, कधी आठवड्याने तोच पायलट परत दारात. मी हळू नव्हतो. मी एकदाच काम करायचो, म्हणून त्यांना हळू वाटायचो. हे इथे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं. तुलाही लोक हळू म्हणतील, म्हणू देत.

फी भरण्याआधी त्यांना एवढं विचार: कॅलिब्रेट केलेली (अचूकता तपासून घेतलेली) गेज विद्यार्थी स्वतः जोडतात, की शिक्षक जोडतात आणि बाकीचे बघतात? शिक्षक जोडत असतील तर दुसरा वर्ग शोध. नसतील तर आजच नाव घाल. परत आल्यावर प्रत्येक बाटलीतली पातळी मिलिमीटरमध्ये मला कळव. 'जवळजवळ सारखी होती' असं लिहिलंस, तर उत्तर देणार नाही.